काळ्या मातीचं सक्शन कसं मोजायचं: टेन्सिओमीटर, फिल्टर पेपर आणि आमच्या घराचे दोन कोपरे

आमच्या घराची उगवतीकडची भिंत दर उन्हाळ्यात फाटते. मार्च सरता सरता खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, मे महिन्यात तिच्यात एक रुपयाचं नाणं उभं जातं, मग पाऊस पडला की हळूहळू मिटत जाते आणि पोळ्यापर्यंत नुसती रेघ उरते. दिवाळीला मिस्त्री येतो, पुट्टी मारतो, पैसे घेऊन जातो आणि मार्चमधे परत तेच. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, लोकांची घरं बांधून देतो, त्यामुळे "इंजिनेराचंच घर फुटून रायलं" हे वाक्य मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात मी इतक्यांदा ऐकलंय की आता काही वाटत नाही.

आधी मी पण सगळे करतात तेच केलं, त्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांची माती (एकाजवळ कडुनिंब आहे, दुसऱ्याजवळ न्हाणी) काढून ओव्हनमधे वाळवली आणि ओलावा काढला. कडुनिंबाच्या बाजूला २१ टक्के, न्हाणीच्या बाजूला ३१ टक्के. आता या दोन आकड्यांचं करायचं काय? फरक आहे हे दिसतं, पण २१ टक्के म्हणजे कोरडी का बरी का लय कोरडी, हे तो आकडा सांगतच नाही. बरड जमिनीत २१ टक्के पाणी असलं तर चिखल होईल आणि आमच्या भारी काळ्या मातीत तेवढ्याच पाण्यावर झाड मरायला टेकतं. उत्तर मिळालं ते सक्शन मोजल्यावर, आणि ते मोजायला फार मोठी लॅब लागत नाही, म्हणून हे सगळं बैजवार लिहून काढतोय. घर असो, संत्र्याची बाग असो नाहीतर शेततळ्याची पाळ असो, पद्धत तीच.

आधी सक्शन म्हणजे काय ते

चहात टोस बुडवला की चहा वर चढतो ना, तेच. मातीत बारीक बारीक फटी असतात आणि पाणी त्या फटींना चिकटून वर ओढलं जातं. १ मिलिमीटर जाडीच्या नळीत पाणी साधारण ३ सेंटीमीटर चढतं, नळी हजारपट बारीक केली, म्हणजे ०.००१ मिलिमीटर, तर हिशोबाने ३० मीटर चढेल, आपल्या गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षाही उंच. काळ्या मातीतल्या बऱ्याच फटी याच्याहूनही बारीक असतात. माती सुकत जाते तशा मोठ्या फटी आधी रिकाम्या होतात, पाणी फक्त बारीक फटीत उरतं आणि तिथून ते काढायला जास्त जोर लागतो. हा जोर म्हणजे सक्शन. ओलावा सांगतो पाणी किती आहे, सक्शन सांगतं माती त्याला किती घट्ट धरून बसली आहे.

आमचे बाबा संत्र्याच्या झाडाखालची माती मुठीत दाबून म्हणायचे, "पाणी हाये न बावा मातीत, मंग झाड कायले मान टाकून रायलं?" प्रश्न एकदम बरोबर होता. पाणी होतं, पण माती ते सोडत नव्हती.

मोजमापाचं एकक किलोपास्कल, बोलताना आपण केपीए म्हणू. टेन्सिओमीटरच्या डायलवर सेंटीबार लिहिलेलं असतं, घाबरायचं नाही, १ सेंटीबार म्हणजे १ केपीएच. पाऊस थांबून जास्तीचं पाणी निथरून गेलं की साधारण ३३ केपीए धरतात, शेतीवाले त्याला वाफसा म्हणतात तो याच्या आसपास. १५०० ला बहुतेक पिकं कायमची सुकतात असं धरतात, आणि आपल्या भारी काळ्या मातीत या १५०० वर सुद्धा वजनाने २० टक्क्यांच्या आसपास पाणी शिल्लक असतं. झाडाच्या दृष्टीने ते पाणी नसल्यासारखंच. इंजिनिअरिंगच्या जुन्या कागदांत पीएफ नावाचं माप दिसेल, ते सेंटीमीटरमधल्या पाण्याच्या उंचीचा लॉग असतो, पीएफ ४.२ म्हणजे तेच १५०० च्या जवळपास.

अजून एक भानगड आहे. सक्शनचे दोन भाग असतात, एक मातीच्या फटींमुळे येणारं मॅट्रिक सक्शन आणि दुसरं पाण्यातल्या क्षारांमुळे येणारं ऑस्मॉटिक सक्शन, दोन्ही मिळून टोटल सक्शन. आमच्याकडे ऑस्मॉटिक भाग सोडून दिला तरी चालतो, पण माझ्या मामाचं वावर दर्यापूरकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहे, तिथे सोडून चालत नाही. हिशोब सोपा आहे, मातीतल्या पाण्याचा ईसी (पाण्यातून वीज किती वाहते त्याचं माप, क्षार जास्त तर ईसी जास्त), डेसीसिमेन्स प्रति मीटरमधे, गुणिले ३६, की साधारण ऑस्मॉटिक सक्शन केपीएमधे मिळतं. ईसी ५ असला तर १८० केपीए झाडाच्या डोक्यावर आधीच बसलेलं, माती गच्च ओली असली तरीसुद्धा. मामाच्या वावरात ओलाव्यात उभी पऱ्हाटी दुपारी माना टाकते त्यात याचा मोठा हात आहे. पण घराच्या पायाच्या किंवा उताराच्या मजबुतीच्या हिशोबात मुख्यतः मॅट्रिक सक्शनच धरतात, म्हणून आपल्याला कोणतं पाहिजे ते आधी ठरवून घ्या.

कोणतं साधन कुठे चालतं

एकच साधन सगळीकडे चालत नाही, इथेच लोक पैसे वाया घालवतात. टेन्सिओमीटर ० ते ८० केपीएपर्यंत, त्याच्यावर नाही, कारण आत पाणी ताणलं जाऊन बुडबुडे धरतं आणि सगळा खेळ खलास. म्हणजे पावसाळा आणि ओलिताची बाग यासाठी तो उत्तम, मे महिन्यातल्या कोरडवाहू वावरात शोभेचा. जिप्समचा ब्लॉक त्याच्या पुढे काम करतो, पण जिप्सम विरघळत जातं आणि काही वर्षांत ब्लॉक संपतो, शिवाय खाऱ्या मातीत त्याचं रीडिंग बिघडतं. वॉटरमार्क नावाचं सेन्सर २३९ पर्यंत दाखवतं, बागाईतदाराला ते पुरतं. मोठ्या लॅबमधे दवबिंदूवर चालणारं मशीन असतं, पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतं, पण त्याची चूक ५० केपीएच्या आसपास असते, म्हणजे १००० मोजायला छान आणि ४० मोजायला बेकार. आणि फिल्टर पेपर, जो अगदी ओल्यापासून अगदी कोरड्यापर्यंत सगळं झाकतो, स्वस्त आहे, फक्त आठवडाभर धीर पाहिजे.

ऑनलाइन मिळणारा पाचशे रुपयांचा ह्युमिडिटी मीटर खड्ड्यात सोडून सक्शन काढतो म्हणणारे पण मला भेटलेत. मातीतली हवा १५०० केपीएला, म्हणजे झाड मरतं तिथे सुद्धा, जवळजवळ ९९ टक्के दमट असते. तुमच्या मीटरची चूकच तीन टक्के. सोडा तो नाद.

टेन्सिओमीटर लावायची पद्धत

टेन्सिओमीटर म्हणजे खाली भाजक्या मातीचा सच्छिद्र कप, मधे पाण्याने भरलेली नळी, वर व्हॅक्यूमचा डायल. माती कपातून पाणी ओढते, नळीत व्हॅक्यूम होतो, काटा सरकतो. इतकंच. पण तयारीत कसूर केली की काटा खोटं बोलतो.

पाणी उकळून झाकण ठेवून थंड करा, म्हणजे त्यातली हवा निघून जाते. कप या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी नळी भरा, हँडपंपाने (व्हॅक्यूमचा छोटा, विहिरीवरचा नाही) वरून ओढा, बुडबुडे निघतील, परत भरा, परत ओढा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. मग झाकण लावून कप पंख्यासमोर उघड्यावर ठेवा. काटा ६०-७० च्या वर चढला पाहिजे, आणि कप परत पाण्यात बुडवला की काही मिनिटांत शून्याकडे आला पाहिजे. नाही चढला तर कुठेतरी गळतंय, रबर तपासा, झाकण तपासा. ही चाचणी घरीच करायची, वावरात लावल्यावर नाही.

स्वस्तात जमवायला म्हणून मी एकदा पाण्याच्या जुन्या फिल्टरची कँडल पीव्हीसी पाईपला एमसीलने चिटकवली होती. पंधरा-वीसच्या पुढे काटा जाईना, कारण त्या कँडलची छिद्रं मोठी, हवा सरळ आत शिरते. तुम्हाला कोणी स्वस्त कप दिला तर असं तपासा: कप पाण्यात भिजवून पाण्याखाली धरायचा आणि आतून सायकलच्या पंपाने हळूहळू १ बारपर्यंत हवा द्यायची, बुडबुडे आले तर कप परत करा.

आता लावायची जागा. संत्र्याला मी दोन लावतो, एक ३० सेंटीमीटरवर, एक ६० वर, झाडाच्या घेराच्या आतल्या बाजूला, ड्रिपरपासून हात-दीड हात लांब. ड्रिपरखालीच लावला तर कायम ओलं दाखवेल. नळीच्याच जाडीच्या ऑगरने (माती काढायच्या गिरमिटाने) भोक पाडा, जास्त मोठं नको. त्याच खोलीवरची माती चाळून पाण्यात कालवून धिरड्याच्या पिठासारखी करा, चहाच्या अर्ध्या कपाएवढी भोकात ओता आणि टेन्सिओमीटर त्यात हळू दाबा. ठोकायचा नाही, कप फुटतो, आणि कपाच्या भावात एक दिवसाची मजुरी सहज जाते. वरच्या बाजूला नळीभोवती माती दाबून छोटा उंचवटा करा, नाहीतर पावसाचं पाणी नळीच्या कडेने सरळ खाली जाऊन कपाला भेटतं.

रीडिंग रोज एकाच वेळी, सकाळी सूर्य चढायच्या आत घ्यायचं, कारण दुपारी ऊन लागून नळी तापते आणि काटा नाचतो. नळीवर एक पांढरी बाटली पालथी घाला. आणि एक वजाबाकी लोक विसरतात, डायल कपापेक्षा जितका उंच तितकं पाण्याचं वजन डायलवर येतं, दर १० सेंटीमीटरला १ केपीए. कपापासून डायल ८० सेंटीमीटर वर असेल आणि काटा ३८ दाखवत असेल तर कपाजवळ ३०.

साधारण १० पर्यंत माती गच्च ओली, १० ते ३० वाफसा, ३० ते ६० ला बहुतेक जमिनीत पाणी द्यायची वेळ, आणि आपल्या भारी मातीत ६० च्या पुढे थांबलं तरी चालतं. पण हे ठोकताळे आहेत, एक हंगाम स्वतःच्या बागेत काटा आणि पानं दोन्ही बघून वहीत लिहा, तुमचा आकडा तुम्हालाच सापडेल. आंबिया बहारासाठी पाणी तोडून झाडं ताणावर सोडली की काही दिवसांत काटा टेन्सिओमीटरच्या हद्दीबाहेर जातो, तेव्हा तो काढून, धुऊन, सावलीत ठेवून द्यायचा.

माझी फजिती आता सांगतो, म्हणजे तुमची व्हायची नाही. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत काटा ४०, ५५, ७० असा चढला आणि एके दिवशी ८ वर आला. मी समजलो, बाबांनी रात्री मोटर लावली असेल. चार दिवस काटा ८, मग ५, मी पाणी दिलं नाही. बाबांनी मोटर लावलीच नव्हती. काळी माती सुकून आकसली, भेग बरोबर कपाच्या बाजूने गेली, कपाचा मातीशी संबंध तुटला, हवा आत शिरली आणि काटा शून्याकडे पडला. म्हणजे टेन्सिओमीटरवर कमी आकडा दोन कारणांनी येतो, एक तर माती ओली आहे, नाहीतर माती इतकी कोरडी आहे की यंत्र मेलं आहे. पाचव्या दिवशी पानं गुंडाळलेली दिसली तेव्हा नळी बघितली, अर्धी रिकामी. तेव्हापासून नियम: काट्याआधी नळीतलं पाणी बघायचं, पाणी उतरलेलं असेल तर त्या दिवशीचं रीडिंग लिहायचंच नाही.

फिल्टर पेपर: घराच्या पायासाठी हेच

युक्ती अशी आहे की कोरडा फिल्टर पेपर मातीसोबत बंद डब्यात ठेवला की तो पाणी शोषतो आणि काही दिवसांनी माती आणि पेपर दोघांचं सक्शन सारखं होतं. पेपरचा ओलावा आणि सक्शन यांचं गणित आधीच बसवलेलं आहे, मग पेपर तोलला की काम झालं. १९३७ मधे गार्डनर नावाच्या माणसाने हे सुचवलं आणि आता एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा डी ५२९८ हा स्टँडर्ड यावरच आहे.

लागतं काय तर व्हॉटमन नंबर ४२ चा पेपर (दुसरा नाही चालत, गणित याच पेपरचं आहे), त्याच्यापेक्षा थोडे मोठे कापलेले साधे फिल्टर पेपर, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या, इलेक्ट्रिकची टेप, चिमटा, हातमोजे, अॅल्युमिनियमच्या छोट्या डब्या, १०५ अंशाचा ओव्हन आणि वजनकाटा. काट्यावर कंजूषी करू नका. काटा ०.०००१ ग्रॅमपर्यंत वाचणारा पाहिजे, असा काटा आणि ओव्हन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या सायन्स कॉलेजात असतो, सरांना भेटून, चहा पाजून, एक दुपार मागून घ्यायची. सराफाच्या काट्यावर जमेल का असं एकाने विचारलं होतं. पेपरचं वजन असतं पाव ग्रॅमच्या आत, सराफाचा मिलिग्रॅमवाला काटा असला तर उत्तरात साधारण ८ टक्के चूक येईल, अडीनडीला चालेल. पण १० मिलिग्रॅमवाला काटा असेल तर सक्शन दुप्पट नाहीतर अर्धं येईल, त्यापेक्षा अंदाजे सांगितलेलं बरं.

नमुना घ्यायला खड्ड्यात उतरू नका, ऑगर वापरा. अर्ध्या अर्ध्या मीटरवर माती काढा, निदान दोन-अडीच मीटरपर्यंत, आणि काढल्या काढल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात. मे महिन्याच्या उन्हात ढेकूळ दहा मिनिटं उघडं राहिलं तरी ती माती मग त्या खोलीवरची राहत नाही.

मॅट्रिक सक्शनसाठी पेपर मातीला चिकटून पाहिजे. ढेकूळ सुरीने मधोमध कापा, कापलेली तोंडं सपाट करा, मधे तीन पेपरचं सँडविच ठेवा, बाहेरचे दोन साधे, आतला व्हॉटमन. बाहेरचे फक्त मातीचे कण आतल्याला लागू नयेत म्हणून. दोन्ही अर्धी परत जोडून टेप गुंडाळा आणि बरणीत ठेवा, बरणी जितकी भरलेली तितकं बरं. टोटल सक्शन पाहिजे असेल तर मातीवर एक छोटी रिंग ठेवून तिच्यावर दोन पेपर, मातीला अजिबात न लागता. एकाच बरणीत दोन्ही करता येतं. झाकण लावून टेपने बंद. पेपरला हात लावायचा नाही, घामाचा थेंब सुद्धा मोजला जातो.

आता सात दिवस, कमीत कमी. आणि तापमान हलता कामा नये, ३ अंशांच्या आत पाहिजे. इथे विदर्भाचा उन्हाळा आडवा येतो, दुपारी ४५, कूलर चालू झाला की खोली खाली, लाईट गेली की परत वर. तापमान हललं की झाकणाच्या आतून दव धरतं आणि न चिकटलेला पेपर भिजतो, सगळी मेहनत पाण्यात. मी थर्माकोलच्या पेटीत बरण्या ठेवल्या, पेटी पोत्यात गुंडाळली आणि माजघरातल्या गव्हाच्या कोठीत गव्हाच्या मधोमध पुरली. आईने आधी मला वेड्यात काढलं. पण आत टाकून ठेवलेला मोठ्यात मोठा आणि लहानात लहान आकडा धरून ठेवणारा थर्मामीटर आठवड्याभरात दीड अंशाच्या वर हलला नाही. पावसाळ्यात अजून एक त्रास, पेपरवर बुरशी. काळे ठिपके दिसले की तो पेपर फेकून द्या, बुरशी पण पाणी धरते.

उघडायचा दिवस घाईचा असतो, दोन माणसं लागतात. डबीचं रिकामं वजन आधी घेऊन ठेवायचं, एकाने बरणी उघडायची, चिमट्याने मधला पेपर उचलून पाच सेकंदाच्या आत डबीत टाकून झाकण लावायचं, दुसऱ्याने लगेच तोलायचं. पंखा बंद. मग डबीचं झाकण किंचित उघडं ठेवून ओव्हनमधे, वाळला की ओव्हनमधेच झाकण बंद करून पंधरा मिनिटं, बाहेर काढून अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यावर अर्धा मिनिट थंड, तोलायचं, पेपर काढून रिकामी गरम डबी परत तोलायची. गरम डबीचं वजन थंड डबीपेक्षा कमी भरतं, म्हणून दोनदा.

दोन कोपऱ्यांचा हिशोब

आमच्या घराचे दोन कोपरे, मधलं अंतर बावीस फूट, खोली दोघांची एक मीटर, महिना एप्रिल.

न्हाणीकडचा पेपर ओला ०.३२९० ग्रॅम, वाळलेला ०.२३५० ग्रॅम. पाणी ०.०९४०, भागिले ०.२३५०, म्हणजे ४० टक्के. व्हॉटमन ४२ चा ओलावा ४५.३ टक्क्यांच्या आत असला की सूत्र हे: सक्शनचा लॉग = ५.३२७ वजा (०.०७७९ गुणिले पेपरचा ओलावा). इथे ५.३२७ वजा ३.११६, आलं २.२११. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १० चा २.२११ वा घात घ्या, १६३ केपीए.

कडुनिंबाकडचा पेपर ओला ०.२९६० आणि वाळलेला योगायोगाने तेवढाच, ०.२३५०. ओलावा २५.९६ टक्के, लॉग ३.३०५, सक्शन २००० केपीएच्या थोडं वर.

पेपरचा ओलावा ४५.३ च्या वर असेल तर दुसरं सूत्र आहे, २.४१२ वजा (०.०१३५ गुणिले ओलावा), पण ते ६० केपीएच्या खालचं प्रकरण आहे आणि तिथे पेपर फार ढोबळ आहे, टेन्सिओमीटर लावा.

मातीचा ओलावा २१ आणि ३१, दीडपट फरक. सक्शन १६३ आणि २०००, बारापट. एकाच भिंतीच्या एका टोकाखालची माती झाडाने पिळून काढली होती, जवळजवळ झाड स्वतः सुकेल इतपत, आणि दुसऱ्या टोकाला न्हाणीचं सांडपाणी बारमाही मुरत होतं. सक्शन वाढलं की काळी माती आकसते, कारण तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी गेलं की पातळ पातळ पानांसारखं मिटतं. निंबाचा कोपरा खाली बसला, न्हाणीचा वरच राहिला, भिंत मधे फाटली. मृग लागला की निंबाकडचं सक्शन उतरतं, माती फुगते, कोपरा वर येतो, चीर मिटते. पुट्टीचा काय दोष.

सक्शनमुळे अजून काय काय बदलतं

मजबुती. मे महिन्यात विहिरीचं किंवा पाईपलाईनचं खोदकाम काळ्या मातीत उभंच्या उभं राहतं, लोक म्हणतात माती लय कडक आहे. जूनच्या पहिल्या दमदार पावसात तीच कड बसते. त्या कडकपणातला मोठा वाटा सक्शनचा उसना असतो. फ्रेडलंड नावाच्या संशोधकाने आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७८ मधे हे सूत्रात बसवलं, त्यात नेहमीच्या मजबुतीत सक्शन गुणिले एका कोनाचा टॅन एवढी भर पडते. तो कोन १५ अंश आणि सक्शन १०० धरलं तर २७ केपीए, म्हणजे दीड मीटर मातीच्या वजनाएवढा जोर, जो पावसाच्या पाण्यासोबत वाहून जातो. म्हणून उन्हाळ्यात केलेल्या मातीच्या चाचणीवर पायाची ताकद ठरवू नका, नमुना भिजवून तपासायला सांगा. आणि उघड्या चरात पाऊस पडून गेल्यावर माणूस उतरवू नका, काल उभी होती म्हणून आज राहील असं नाही. खूप जास्त सक्शनला ही भर सरळ रेषेत वाढत नाही, वाकते, म्हणून २००० ला या सूत्रात घालून खुश व्हायचं कारण नाही.

पाणी वाहणं. माती सुकली की मोठ्या फटींत हवा भरते आणि पाण्याची वाट बंद होते, हजारो पटीने हळू होतं सगळं. यातून एक उलटी गोष्ट होते जी बागाईतदारांना पटत नाही. दीड-दोन फूट काळी माती आणि खाली मुरूम असला की सगळे म्हणतात निचरा चांगला. पण मुरमाच्या मोठ्या फटी पाणी ओढत नाहीत, वरची काळी माती जवळपास गच्च भरेपर्यंत पाणी मुरमात उतरतच नाही. टेन्सिओमीटर मुरमाच्या जरा वर लावून बघा, काटा ५ च्या आत अडकलेला दिसेल आणि मूळकूज कुठून येते ते कळेल. हाच गुण घराला कामाचा आहे, जोत्याखाली जाड गिट्टीचा थर टाकला की खालची ओल वर चढत नाही.

आणि सुकताना-भिजतानाचा फरक. एकच माती ३० टक्के ओलाव्यावर सुकत असताना जास्त सक्शन दाखवते, भिजत असताना कमी. म्हणून एप्रिलचं आणि जुलैचं रीडिंग एका कागदावर टाकताना बाजूला "सुकताना" की "भिजताना" एवढं लिहाच.

मग घराचं काय केलं

नवीन घर असतं तर रूरकीच्या सीबीआरआय या इमारत संशोधन संस्थेने रूढ केलेले अंडररीम्ड पाईल (खालच्या टोकाकडे फुगीर केलेले जमिनीतले खांब) घातले असते, साधारण साडेतीन मीटर खोल, जिथे सक्शन वर्षभर फारसं हलत नाही तिथे टेकवलेले. किंवा आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कट्टींनी मांडलेला न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर, ज्याला सीएनएस म्हणतात. उभ्या घराला हे दोन्ही परवडत नाही.

आम्ही आधी न्हाणीचं पाणी पाईपने परसाच्या पलीकडे पपईला नेलं. भिंतीभोवती पाच फुटांची फरशी केली, उतार बाहेरच्या बाजूला, जोड डांबराने भरलेले, म्हणजे उन्हात बाष्प उडणार नाही आणि पावसाचं पाणी पायाशी शिरणार नाही. बाबा निंबावर कुऱ्हाड घेऊन निघालेच होते. थांबवलं. झाड एकदम तोडलं की २००० केपीएवर पिळलेली माती पुढची काही वर्षं पाणी पीत पीत फुगत राहते आणि कोपरा उलट वर उचलला जातो, मग चीर दुसऱ्या बाजूने. फांद्या छाटल्या आणि झाड व भिंत यांच्यामधे चार फूट खोल चर खणून त्यात प्लास्टिक उभं करून भरलं, मुळं थोडी तरी अडावीत म्हणून.

चिरेच्या दोन्ही बाजूला खिळे ठोकून त्यांच्यातलं अंतर व्हर्निअरने दर अमावास्येला मोजतो, तारीख विसरत नाही म्हणून अमावास्या. यंदाच्या एप्रिलमधे न्हाणीचा कोपरा १६३ वरून ४९० वर गेला, निंबाचा १४०० वर आला. मे महिन्यात नाणं चिरेत गेलं नाही, ब्लेड गेली. पुढचे नमुने रोहिणी संपायच्या आत काढायचे आहेत, आणि कोठीतला गहू तेव्हापर्यंत विकू नका असं घरात सांगून ठेवलंय.